सांगलीच्या रस्त्यांवर मोटार आणि सायकल: एकमेकांना जागा देण्याची रीत

कृष्णाकाठची जमीन सपाट असल्यामुळे सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही गावांतून सायकल कधीच पूर्णपणे नाहीशी झाली नाही. हँडलला डबा अडकवून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेले कामगार, विश्रामबागेच्या बाजूला शाळा-शिकवण्या गाठणारी मुले, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून दूध घालणारे आणि कॅरिअरवर वैरणीचा भारा बांधून संध्याकाळी घराकडे वळणारे शेतकरी हे सगळे सायकलस्वारच आहेत. अलीकडे त्यांत हेल्मेट घालून दंडोबाच्या डोंगरापर्यंत, क्वचित थेट पंढरपूरपर्यंत जाणाऱ्या हौशी मंडळींची भर पडली आहे. याच रस्त्यांवरून एसटी, वडापच्या (म्हणजे वाटेत प्रवासी भरत जाणाऱ्या) जीपगाड्या, द्राक्षांचे पिकअप, उसाच्या जोडट्रॉल्या आणि सदैव घाईत असलेल्या मोटारी धावत असतात.

या सर्वांनी एकमेकांना सांभाळून कसे जावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. रस्त्यावरचे सौजन्य बहुतेक वेळा दोन साध्या गोष्टींवर उभे असते. आपण पुढे काय करणार आहोत हे दुसऱ्याला आधी कळू द्यावे, आणि त्याच्या हातून थोडी चूक झालीच तर ती निभावून जाईल एवढी जागा मोकळी ठेवावी. पुढच्या बहुतेक सूचना याच दोन गोष्टींतून निघतात. मोटारचालकांसाठीचा भाग जाणूनबुजून अधिक लांबीचा ठेवला आहे, कारण टनभर वजनाच्या वाहनाची चूक बहुधा दुसऱ्याच्याच अंगावर जाते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे ती चालवण्यासाठी परवाना किंवा विमा लागत नाही. याचा अर्थ रस्त्यावर तिचा हक्क कमी आहे असा काही जण लावतात, पण त्याला कायद्याचा कोणताही आधार नाही. उलट, २०१७ साली आलेल्या वाहन चालवण्याच्या विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी मोटारचालकावर टाकलेली आहे. नियमाला सोडून ओव्हरटेक करणे, उलट्या दिशेने गाडी नेणे, सिग्नल तोडणे किंवा हातात फोन धरून गाडी चालवणे यांमुळे इतरांना धोका निर्माण झाल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सायकलला ओलांडताना बाजूने नेमके किती अंतर ठेवावे, याचा मीटरमधला आकडा मात्र आपल्याकडे ठरवून दिलेला नाही. जर्मनीने २०२० साली वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर असे अंतर निश्चित केले. फ्रान्समध्ये ते वस्तीत एक आणि वस्तीबाहेर दीड मीटर आहे. आपल्या रस्त्यांची अवस्था पाहता दीड मीटर हे किमान अंतर धरून चालणेच शहाणपणाचे ठरेल. दीड मीटर म्हणजे जवळजवळ पाच फूट. मोटारीच्या डाव्या बाजूला पाय टेकवून एखादा माणूस बाहेरच्या दिशेने आडवा झोपलेला कल्पावा, तर त्याच्या पायांपासून खांद्यापर्यंतचे अंतर झाले.

सायकल ओलांडण्यापूर्वीचे गणित

हे अंतर रस्त्यावर कसे बसते, ते एकदा निवांतपणे मोजून पाहिले की पुढच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. डांबराच्या कडेपासून दोन फूट आत चालणाऱ्या सायकलस्वाराचा उजवा हात कडेपासून सुमारे नव्वद सेंटिमीटरवर असतो. त्यात दीड मीटर मोकळे अंतर आणि आरशांसह मोटारीची दोन मीटर रुंदी मिळवली, तर एकूण जवळजवळ ४.४ मीटर लागतात.

आता दुपदरी रस्ता साधारण सात मीटरचा असतो. म्हणजे मधली रेषा साडेतीन मीटरवर येते आणि सायकलला नीट अंतर देऊन ओलांडणारी मोटार त्या रेषेच्या जवळजवळ तीन फूट पलीकडे जाते. समोरून अडीच मीटर रुंदीची एसटी येत असेल, तर ती, मोटार आणि सायकल अशा तिघांना एकाच वेळी पुरेल एवढी जागा तिथे नसते. तरीही ही तीन वाहने रोज एकमेकांच्या बाजूने जाताना आपण पाहतो, कारण कमी पडणारी जागा दर वेळी सायकलवाल्याकडून घेतली जाते. यालाच आपल्याकडे कट मारणे म्हणतात. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर समोरून दुचाकी येत असली तरी थांबावे लागते, आणि पावणेचार मीटरच्या एकपदरी रस्त्यावर दीड मीटर अंतर ठेवून जाणे शक्यच होत नाही. तिथली रीत वेगळी आहे. ती पुढे दिली आहे.

थांबल्याने किती वेळ जातो, हेही पाहावे. ताशी १५ किलोमीटरने चाललेल्या सायकलच्या मागे दोनशे मीटर जावे लागले तर ४८ सेकंद लागतात. तेच अंतर ताशी ४० ने १८ सेकंदांत कापले जाते. तोटा अर्ध्या मिनिटाचा आहे, आणि तो बहुतेक वेळा पुढच्या सिग्नलला उभे राहून भरूनही निघतो.

मोटारचालकाने सायकल कशी ओलांडावी

पहिली गोष्ट म्हणजे सायकल लांबूनच हेरावी आणि तिच्या पुढचा रस्ता पाहावा. पुढे खड्डा, कडेला उभा टेम्पो, मोकाट कुत्रे किंवा साचलेले पाणी असेल, तर सायकलस्वार तिथे उजवीकडे येणारच, हे गृहीत धरावे. त्याने अचानक आडवे घातले अशी तक्रार अनेक चालक करतात; पण त्याला चुकवायचा असलेला खड्डा मोटारीच्या काचेतूनही दिसत होता, फक्त तिकडे लक्ष नव्हते. गतिरोधकाजवळ तर हे हमखास घडते. गतिरोधकाच्या टोकाला कडेची जी चिंचोळी फट राहते, तिच्यातून जाण्यासाठी सायकल आणि मोटारसायकल एकाच वेळी डावीकडे झुकतात, आणि चढावर वेग गेल्यामुळे सायकल तिथे थोडी डुलतेही. गतिरोधक मागे पडेपर्यंत तिच्या मागेच राहावे.

दुसरा टप्पा वेग कमी करण्याचा आहे. गाडी सायकलच्या अगदी मागच्या चाकाला न चिकटवता काही अंतर मागे ठेवावी, कारण मागे इंजिन घुरघुरत असल्याचे जाणवले की सायकलस्वार घाबरून कडेला सरकतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. आपल्याकडच्या डांबराच्या कडेला बहुतेक ठिकाणी साइडपट्टी खचलेली असते. डांबर आणि मुरूम यांच्यामध्ये चार-सहा बोटांची पायरी पडते, तिच्यावरून सायकलचे पुढचे चाक एकदा खाली उतरले की ते कडेला घासत राहते, हँडल फिरवले तरी वर चढत नाही, आणि जोर लावला की सायकल नेमकी रस्त्याच्या बाजूला कोसळते. म्हणून सायकलवाल्याने आपणहून खाली उतरावे अशी अपेक्षा मोटारचालकाने ठेवूच नये.

तिसरा टप्पा हॉर्नचा. हॉर्न द्यायचाच असेल तर तीस-चाळीस मीटर अलीकडून एकदाच, आखूड द्यावा. त्याचा अर्थ मागे मी आहे एवढाच व्हावा. कानाजवळ आल्यावर दाबलेल्या प्रेशर हॉर्नने माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस हँडल कोणत्या बाजूला वळवेल हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

चौथा टप्पा समोरचा रस्ता पाहण्याचा आहे. ताशी ४५ ने जाणारी मोटार ताशी १५ ने जाणाऱ्या सायकलला नीट ओलांडून परत डावीकडे येईपर्यंत चार-साडेचार सेकंद जातात. तेवढ्या वेळात मोटार पन्नास-पंचावन्न मीटर पुढे जाते आणि समोरून ताशी ६० ने येणारे वाहन सत्तर-पंचाहत्तर मीटर जवळ येते. म्हणून निदान दीडशे मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. वळणावर, चौकात, पुलावर आणि उंचवट्याच्या अलीकडे ओलांडू नये. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलासारख्या अरुंद जागी तर प्रश्नच येत नाही. पूल संपेपर्यंत सायकलच्या वेगाने जाणे हाच तिथला एकमेव सभ्य मार्ग आहे.

त्यानंतर आरशात पाहून उजवा इंडिकेटर द्यावा. हा इंडिकेटर पुढच्या सायकलपेक्षा मागच्या वाहनासाठी अधिक गरजेचा असतो. आपल्या गाडीच्या आडोशामुळे मागच्या मोटारसायकलवाल्याला सायकल दिसतच नाही. आपण ऐन वेळी उजवीकडे झालो की ती त्याच्यासमोर एकदम उभी राहते. उजवीकडे पूर्ण जाऊन, समान वेगाने, सायकल डाव्या आरशात पूर्णपणे दिसेपर्यंत सरळ पुढे जावे आणि मगच डावीकडे यावे. अर्धवट ओलांडून आत घुसणे ही सर्वांत वाईट खोड आहे, आणि पॅसेंजर दिसताच कडेला वळणाऱ्या वडापवाल्यांमध्ये ती विशेष आढळते. ज्याला पन्नास पावलांवर थांबायचेच आहे, त्याने सायकल ओलांडूच नये.

ट्रक, बस आणि डंपर यांच्यासाठी दीड मीटरही कमी पडतो. मोठे वाहन वेगाने बाजूने गेले की हवेचा झोत सायकलला आधी बाहेर ढकलतो आणि वाहनाची शेपटी पुढे जाताना आत ओढतो. उघड्या माळावर आडवा वारा असेल तर हा हिसका अधिक जाणवतो. तेवढी जागा नसेल तर वेग कमी करणे हाच उपाय आहे.

एकपदरी रस्त्यावर, म्हणजे मळ्यांतून वाड्यावस्त्यांकडे जाणाऱ्या पावणेचार मीटरच्या डांबरीवर, चालकाने लांबूनच वेग अगदी कमी करावा, सायकलस्वाराला थांबायला बरी जागा मिळेपर्यंत मागे राहावे आणि त्याने पाय टेकल्यावर माणूस चालतो तेवढ्या वेगाने जावे. समोरासमोर भेट झाली, तर मोटारीने आपली डावी चाके साइडपट्टीवर उतरवून थांबावे आणि सायकलला डांबरावरून जाऊ द्यावे. चार चाकांच्या गाडीला मुरमावर उतरणे सोपे जाते, दोन चाकांच्या सायकलला ते जड जाते. एवढ्या साध्या कारणासाठी ही रीत पाळावी.

भारा लादलेली सायकल आणि शाळेची वेळ

वैरणीचा किंवा उसाच्या वाढ्यांचा भारा लादलेली सायकल ही वेगळीच गोष्ट आहे. भारा आडवा बांधलेला असल्यामुळे तिची रुंदी एखाद्या रिक्षाएवढी होते, मागचे वजन जास्त झाल्याने पुढचे चाक हलके पडते आणि स्वाराला मान वळवून मागे पाहता येत नाही. त्यातच हातात विळा किंवा हँडलला किटली असते. अशा सायकलला हाताने इशारा करता येईल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि शेताच्या बांधाजवळ, पाणंदीच्या तोंडाशी किंवा गोठ्यासमोर ती कधीही वळेल असे धरून चालावे. दूधवाल्याच्या सायकलचे कॅनही अर्धवट भरलेले असले की आतले दूध हिंदकळते आणि सायकल त्याच तालावर डुलते.

शाळा सुटण्याच्या वेळी मुले तिघे-चौघे बरोबरीने, गप्पा मारत चालतात, हे खरे आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी त्यांना एकामागे एक चालायला शिकवावेच. परंतु ती शिकवण हॉर्न वाजवून रस्त्यातच देऊ नये. ताशी ३० च्या वर वेग नसावा. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, आणि त्यात वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते.

चौक, डावे वळण आणि मोटारीचे दार

सांगली-मिरज रस्त्यासारख्या दुभाजक असलेल्या रस्त्यावर ओलांडण्यापेक्षा वळण्याने अधिक घोटाळे होतात. सायकलला ओलांडून लगेच तिच्यासमोर डावीकडे वळणे हा त्यांतला नेहमीचा प्रकार. डावे वळण पन्नास मीटरच्या आत असेल तर सायकलच्या मागे राहावे, डावा इंडिकेटर चालू ठेवावा, सायकल तोंड ओलांडून पुढे गेली की वळावे.

उभ्या मोटारीचे दार उघडताना चालकाने डाव्या हाताने उजवे दार उघडण्याची सवय लावून घ्यावी. डावा हात उजव्या दाराच्या खिट्टीकडे नेताना खांदा आपोआप वळतो आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. डाव्या बाजूला बसलेल्यांनी हेच उजव्या हाताने करावे, कारण उभी मोटार आणि दुकानांची पायरी यांच्यामधूनही सायकली जातात. मागे बसलेल्या लहान मुलांना दार उघडू न देणे उत्तम.

रात्री समोरून सायकल येताना दिसली की डिपर द्यावा, म्हणजे दिव्यांचा झोत खाली घ्यावा. मोटारींसाठी अपर-डिपर करणारे चालक सायकल पाहून मात्र अपर तसाच ठेवतात, आणि त्या झोतात सायकलवाल्याला रस्त्याची कड दिसेनाशी होते.

सायकलस्वाराने काय करावे

सायकलस्वाराची पहिली जबाबदारी दिसण्याची आहे. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, आणि तो जमत नसेल तर निदान मडगार्डवर लाल आणि पेडलवर पिवळे रिफ्लेक्टर असावेत. एकेकाळी दिवा नसलेल्या सायकलला आणि डबलसीट जाणाऱ्यांना पोलीस अडवत असत. तो धाक गेला आणि त्याबरोबर दिवाही गेला, ही काही प्रगती म्हणता येणार नाही. भारा मागचा दिवा झाकतो, म्हणून भाऱ्याच्याच मागच्या बाजूला रिफ्लेक्टरची पट्टी बांधावी.

ब्रेक दर आठवड्याला पाहावेत. पावसात रिमवर पाणी असताना रबरी गुटके सुरुवातीला नुसतेच सरकतात आणि चाकाचे एक-दोन फेरे होऊन पाणी पुसले गेल्यावर मग पकडतात. ओल्या रस्त्यावर म्हणूनच आधीपासून हलका ब्रेक लावत जावे.

दुसरी गोष्ट जागेची. अगदी कडेला चिकटून चालणे सुरक्षित वाटते, पण ते तसे नाही. कडेला खडी, काचा, खचलेली साइडपट्टी असते, आणि तिथून थोडेही चुकवायचे झाले की उजवीकडे सरकावे लागते. डांबराच्या कडेपासून दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालावे. उभ्या वाहनांच्या रांगेजवळून जाताना दार उघडले तरी लागणार नाही एवढे, म्हणजे तीन-चार फूट अंतर ठेवावे. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत जाऊन पुन्हा बाहेर येऊ नये, कारण मागच्या चालकाला आपण नाहीसे होऊन एकदम प्रकटल्यासारखे दिसतो.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची. बाजू बदलण्याआधी मान वळवून मागे पाहावे, मग हात दाखवावा, मग पुन्हा पाहून सरकावे. उजवीकडे वळताना उजवा हात आणि डावीकडे वळताना डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ पसरावा. वेग कमी करताना तळवा खाली ठेवून हात वर-खाली करावा. चौकात उजवीकडे वळण्याचे दोन मार्ग आहेत. रहदारी विरळ असेल तर बरेच आधी हात दाखवून हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे यावे आणि तिथून वळावे. रहदारी दाट असेल, किंवा सायकलवर लहान मूल असेल, तर डाव्या बाजूनेच सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबून सायकल वळवावी आणि त्या बाजूच्या वाहनांबरोबर जावे. यात एक सिग्नल जास्त लागतो, पण भीती वाटत नाही.

उलट्या दिशेने सायकल चालवणे हा आपल्याकडचा मोठा दोष आहे, आणि समोरून येणारे वाहन दिसते म्हणून ते बरे, असे त्याचे समर्थनही केले जाते. हिशोब वेगळाच निघतो. मोटार ताशी ४० आणि सायकल ताशी १५ ने जात असेल, तर एकाच दिशेने जाताना दोघांमधले अंतर ताशी २५ ने कमी होते. समोरासमोर ते ताशी ५५ ने कमी होते. मोटारचालकाला सायकल पन्नास मीटरवर दिसली, तर पहिल्या बाबतीत त्याला सात सेकंद मिळतात, दुसऱ्या बाबतीत जेमतेम सव्वातीन. शिवाय बाजूच्या गल्लीतून बाहेर येणारा चालक उजवीकडेच पाहत असतो. डावीकडून सायकल येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. दुभाजकामुळे लांबचा वळसा पडत असेल, तर खाली उतरून कडेने सायकल हातात धरून चालावे.

उभ्या एसटीच्या डाव्या बाजूने कधीही जाऊ नये. तिथे माणसे उतरत असतात. बस सुटण्याच्या बेतात असेल तर मागे थांबावे, नसेल तर मागे पाहून उजवीकडून जावे. उभ्या ट्रकच्या डाव्या कुशीत सिग्नलला थांबणेही तितकेच धोक्याचे, कारण चालकाला तो भाग आरशातही नीट दिसत नाही.

हौशी गटांनी पहाटे जोडीने चालावे, मागून वाहन येताच एकामागे एक व्हावे आणि मोठ्या गटाचे पाच-सहा जणांचे तुकडे करून मध्ये मोटार मावेल एवढी जागा सोडावी. एकपदरी रस्त्यावर मागे गाड्यांची रांग लागली असेल, तर पहिली भक्कम जागा पाहून थांबावे आणि रांग जाऊ द्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि थांबलेल्या सायकलवाल्याला हात दाखवून जाणारा चालक पुढच्या सायकललाही बहुधा नीट वागवतो. कानात इअरफोन घालून चालणे मात्र पूर्ण बंद करावे.

गाळप हंगामात

दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की साधारण मार्चपर्यंत आष्टा, तासगाव आणि मिरजेकडच्या सगळ्या रस्त्यांचे रूप बदलते. ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस. बाहेर आलेल्या मोळ्या सायकलस्वाराच्या खांद्याच्या उंचीवर असतात, म्हणून ट्रॉलीच्या बाजूने जाणे टाळावे. वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, ती आतल्या बाजूला कापते. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या डावीकडे सायकल असेल तर ती ट्रॉली आणि कडा यांच्यामध्ये सापडते. ट्रॅक्टरचालकाला इंजिनाच्या आणि गाण्यांच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही, आणि उसामुळे मागचे काही दिसत नाही. त्याने पाहिले असेल असे कधीही धरू नये.

शाळकरी मुले चालत्या ट्रॉलीचा ऊस ओढतात किंवा साखळीला धरून सायकल फुकट ओढून घेतात. हे मुलांना नुसते रागावून थांबत नाही. चालकाने गाडी बाजूला घेऊन थांबवली की मुले आपोआप पांगतात, असा अनेक जुन्या चालकांचा शिरस्ता आहे.

ट्रॅक्टरमालकांनी शेवटच्या ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टरचे कापड आणि चालू स्थितीतला लाल दिवा लावावा. लटकणाऱ्या वाढ्यांनी तो झाकला जाणार नाही हे फडातून निघतानाच पाहावे. टायर फुटून ट्रॉली रस्त्यात थांबली की भोवती दगड मांडले जातात, आणि दुरुस्ती झाल्यावर ट्रॉली निघून जाते, दगड मात्र तिथेच राहतात. मोटार त्यांच्यावरून जाईलही, सायकल रात्री त्यांच्यावर आदळून स्वार थेट डोक्यावर पडतो. ते दगड उचलून कडेला टाकायला पाच मिनिटेही लागत नाहीत. फडातून बाहेर येताना चाकांबरोबर आलेला काळ्या मातीचा चिखल आणि सांडलेले पाचट यांवरून सायकल साबणासारखी घसरते. तिथे ब्रेक न लावता, हँडल सरळ धरून जावे.

फसव्या सौजन्यापासून सावध

काही वेळा भलेपणानेच अपघात घडतो. चौपदरी रस्त्यावर एखादा मोटारचालक मधल्या लेनमध्ये अचानक थांबतो आणि रस्ता ओलांडू पाहणाऱ्या सायकलवाल्या मुलीला हाताने जा म्हणून खुणावतो. त्याचा हेतू चांगला असतो. परंतु त्याच्या डावीकडून येणाऱ्या मोटारसायकलला ना ती मुलगी दिसते, ना त्याचा हात. खुणावणाऱ्याने आपल्यापुरतीच हमी दिलेली असते, मुलीला मात्र ती सगळ्या रस्त्याची वाटते. म्हणून चालकाने वेग हळूहळू कमी करावा, शक्य असल्यास मागच्यांना इशारा द्यावा, आणि हाताने कोणालाही रस्त्यात बोलावू नये. सायकलस्वारानेही प्रत्येक लेनच्या कडेला थांबून स्वतः पाहूनच पुढे जावे. आधी कोणी जायचे याचा नियम ठरलेला असेल तिथे तोच पाळावा; सर्वांना अपेक्षित असलेली हालचाल ही मनाच्या मोठेपणाने केलेल्या अनपेक्षित हालचालीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

बाचाबाची आणि अपघात झाल्यास

कोणी कट मारला तर पाठलाग करू नये. गाडीचा क्रमांक, जागा आणि वेळ लिहून ठेवावी आणि वाहतूक शाखेकडे तक्रार करावी. चूक आपली असेल तर हात वर करून ती मान्य करावी. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

अपघात झाल्यास गाडी थांबवणे, जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे ही कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ या क्रमांकांवर संपर्क करावा. डोक्याला किंवा मानेला मार लागला असल्याची शंका असेल तर जखमीला ओढून उठवू नये. मागून येणारी वाहने थांबवावीत. मदत करणाऱ्या वाटसरूला पोलिसांत अडकण्याची भीती वाटते, पण २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ त्याला संरक्षण देते, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

खचलेल्या साइडपट्टीची तक्रार

वरच्या बऱ्याच अडचणी कडेच्या त्या पायरीतून निर्माण होतात, त्यामुळे तिची तक्रार करणे हाही याच कामाचा भाग आहे. ती कुठे करायची हे मैलाच्या दगडाच्या रंगावरून ठरवता येते. दगडाचा माथा पिवळा असेल तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, आणि नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता असतो. राज्य महामार्ग आणि मुख्य जिल्हा रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावरस्त्यांसाठी जिल्हा परिषदेकडे, आणि शहरातल्या रस्त्यांसाठी सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेकडे अर्ज करावा. दगडावरचा किलोमीटर, रस्त्याची कोणती बाजू, पायरी किती सेंटिमीटर खोल आणि किती मीटर लांब, हे पट्टी धरून मोजून लिहावे, पट्टीसकट काढलेले छायाचित्र जोडावे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी. मोजमाप दिलेला अर्ज टाळणे जड जाते. तो पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये द्यावा, म्हणजे मुरूम टाकून दबाई करायला वेळ मिळतो.